अंधारातही सम चुकत नाही

"मामा, मी काहीही टाकलं तरी चांगलंच वाजतंय. असं कसं?"

भाचीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला होता. पडद्यावर ओळीने उभे असलेले सात जण. खाली बारीक बारीक चिन्हं. एक चिन्ह बोटाने ओढून एकाच्या अंगावर टाकलं की त्याचा पोशाख बदलतो आणि तो तोंडाने काहीतरी वाजवायला लागतो. एक ढोल धरतो, दुसरा गुरगुरतो, तिसरा एक कापरा सूर लावून बसतो. रंग सगळे काळपट आणि आवाज एखाद्या बंद पडलेल्या कारखान्यातून आल्यासारखे. तिच्या चेहऱ्यावर मात्र आनंदीआनंद.

माझं पोटापाण्याचं काम मिक्सिंगचं, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवून बसवण्याचं. जाहिराती, डबिंग, अधूनमधून भक्तिगीतांचे अल्बम. 'काहीही टाकलं तरी चांगलंच वाजतं' असा दिवस माझ्या वाट्याला अजून आलेला नाही. त्यामुळे तिच्या प्रश्नाने मला जरा झोंबलंच. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्या खेळाचे इंजिन-पुर्जे सुटे करत बसलो.

खेळाचं नाव इन्क्रेडिबॉक्स. 'सो फार सो गुड' नावाच्या फ्रेंच मंडळींनी २००९ मध्ये तो वेबसाइट म्हणून सुरू केला, ॲप नंतर आलं. दर आवृत्तीला एक वेगळी दुनिया असते. एक ब्राझीलची आहे, सातवी 'जीवन' नावाची, भारतीय वळणाची आहे, आणि तिच्यानंतर आली ती आठवी, 'डिस्टोपिया'. म्हणजे उद्याचं जग, पण वाट लागलेलं. सायबरपंक म्हणतात ते हेच: यंत्रं पुढे गेलेली, माणूस मागे राहिलेला, रात्र कधी न संपणारी आणि निऑनच्या पाट्यांखाली साचलेलं पाणी. नव्या आवृत्त्यांमध्ये साधारण वीस आवाज असतात. पाच ताल, पाच इफेक्ट, पाच धुना, पाच गळे. वाजवणारे सात. ठरावीक पाच आवाज बरोबर जुळवले की एक छोटी चित्रफीत उघडते.

वीसातून सात निवडायचे तर ७७,५२० प्रकारे निवडता येतात. सातपेक्षा कमी जण वाजत असतील ती मिश्रणंही धरली तर आकडा १,३७,९७९ वर जातो. एवढी मिश्रणं कोणी एकेक ऐकून पाहिलेली नसणार. म्हणजे ती जुळतात, ती तपासली म्हणून नाही. न जुळण्याची सोयच काढून टाकलेली आहे म्हणून.

पहिली सोय लयीची. भाचीला म्हटलं, चिन्ह टाकल्यावर तो माणूस लगेच सुरू होतो का, नीट बघ. तिने टाकलं. तो गप्प उभा राहिला, त्याच्याजवळ एक छोटं वर्तुळ भरत गेलं, ते पूर्ण झाल्यावरच त्याने तोंड उघडलं. "लोड होतंय," ती म्हणाली. लोड वगैरे काही होत नसतं. तो समेची वाट बघत असतो.

तबलजी कसा, गायकाने मध्येच मुखडा उचलला म्हणून मध्येच धा मारत नाही, आवर्तन पुरं करून समेवर येतो, तसंच. या खेळातला प्रत्येक आवाज म्हणजे एक लूप, आपल्या भाषेत एक आवर्तन. चार-चार मात्रांचे चार भाग घेतले की सोळा मात्रा होतात, म्हणजे थेट तीनताल. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि आवर्तन ८ सेकंदांचं. डिजिटल ध्वनीत सहसा सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं, घेतली जातात. म्हणून ८ सेकंदांच्या लूपमध्ये ३,५२,८०० नमुने हवेत. एक कमी नको, एक जास्त नको.

एवढी काटेकोरी कशाला, हे ज्याने एमपी३ फाइलींवर लूप चालवून पाहिलेत त्याला विचारा. एमपी३ आवाज १,१५२ नमुन्यांच्या डब्यांत भरते. शेवटचा डबा पुरता भरला नाही तर उरलेल्या जागेत शांतता घालते, सुरुवातीलाही थोडी शांतता जोडते. एक डबा साधारण २६ मिलिसेकंदांचा. एकदा ऐकताना कोणाला पत्ता लागत नाही. पण प्रत्येक फाइल आपापल्या घड्याळावर फिरत असेल आणि त्यातली एक दर फेरीला २६ मिलिसेकंद मागे पडत असेल, तर मिनिटभरात ती जवळजवळ २०० मिलिसेकंदांनी घसरते आणि ठोका सरळ फाटतो. भजनात एखादा उत्साही काका टाळ घेऊन बसतो ना, तसं. म्हणून जाणते लोक लूपसाठी एमपी३ टाळतात, आणि सगळे आवाज एकाच घड्याळावर बांधतात.

दुसरी सोय सुरांची. सगळ्यांचा सा एक. हे वाचायला सोपं वाटतं, पण अर्धी लढाई इथेच जिंकलेली असते. वेगवेगळ्या पट्टीतले दोन आवाज कितीही ताला-सुरात असले तरी एकत्र आले की भांडतात. त्यापुढचा प्रश्न, कोणते स्वर घ्यायचे. पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून बघा, सा आणि कोमल रे. कानाला करकर होते. सगळ्यात जास्त बोचतात ते हे अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे शेजारी. दुसरं त्रासदायक जोडपं सा आणि तीव्र म. ही दोन्ही अंतरं ज्यात नाहीतच असे स्वर निवडले, तर कोणीही कधीही काहीही वाजवा, ओरखडा निघत नाही.

भूप घ्या. सा रे ग प ध. यात कुठेही अर्ध्या स्वराची जोडी नाही. लहान मुलांच्या हाती पेटी दिली आणि या पाचच पट्ट्या दाखवल्या तर घरचे तासभर सहन करतात. पण भूपाने अंधार होत नाही. भूप प्रसन्न आहे, त्याला निऑन आणि चिखल शोभत नाही.

मग मालकंस घ्या. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. आता कोणतेही दोन स्वर उचला आणि अंतर मोजा. अर्ध्या स्वराची जोडी नाही. सा-तीव्र म एवढं अंतरही नाही. म्हणजे भूपाइतकाच बिनधोक, पण रंग उलटा. रात्री उशिराचा राग. मालकंस गाताना भुतं येतात अशा गोष्टी जुन्या मंडळींकडून आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. पाश्चात्त्य मंडळी याच घराण्यातल्या पाच स्वरांना मायनर पेंटॅटोनिक म्हणतात. सा कुठे मानायचा एवढाच फरक. अंधारा लूप-खेळ बनवणाऱ्याला हवं ते नेमकं हेच: भीती वाटली पाहिजे, पण काही चुकतंय असं वाटता कामा नये. या दोन गोष्टी आपण एकच समजतो, त्या एक नाहीत. सगळी कारागिरी त्यांच्यामधल्या फटीत आहे.

पाच स्वरांवर काम भागत नसेल तर वरून थोडं तिखट घालतात, आणि ते म्हणजे कोमल रे. सगळे कोमल स्वर घेतले की आपला भैरवी थाट होतो. पश्चिमेत त्याला फ्रिजियन म्हणतात आणि काळोख्या इलेक्ट्रॉनिक संगीतात, मेटलमध्ये तो सर्रास सापडतो. तिथे फ्रिजियन म्हणजे धोका. आपल्याकडे? मैफल संपत आली, थर्मासातला चहा संपला, मागच्या ओळीत चपला शोधायला सुरुवात झाली, आणि बुवांनी भैरवी लावली. कोणाच्या अंगावर भीतीचा काटा आलाय कधी? डोळे ओले होतील फार तर. स्वर तेच, बाराच्या बारा त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. तर मग भीती आली कुठून?

ती येते आवाजाच्या पोतातून. डिस्टोपियासारख्या आवृत्तीचं खरं काम स्वरांत कमी आणि इथे जास्त असतं.

तंबोरा जुळवताना पाहिलंय? दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की त्यांच्यातून एक थरथर ऐकू येते, वाँव-वाँव-वाँव. जुळत जाईल तशी ती मंद होते आणि नाहीशी झाली की तारा मिळाल्या. गणित अगदी साधं आहे: एक तार सेकंदाला ११० कंपनांची आणि दुसरी ११२ ची असेल तर सेकंदाला दोनदा थरथर. गवई जी थरथर घालवण्यासाठी खुंट्या पिळतो, तीच सिंथवाला, म्हणजे सिंथेसायझर वाजवणारा, मुद्दाम ठेवतो. दोन स्वर किंचित विजोड, एकावर एक. आवाज एकदम रुंद, ओला आणि आजारी होतो. गंमत बघा, लय १२० असेल तर मात्राही सेकंदाला दोनच पडतात, म्हणजे ही ११०-११२ ची थरथर बरोबर तालात बसते! विजोडपणासुद्धा मोजून घातलेला.

हा आवाज सायबरपंकला चिकटला त्याला तारीख आहे. यामाहाच्या सीएस-८० या सुमारे १०० किलोच्या सिंथेसायझरच्या धुडात प्रत्येक स्वरासाठी दोन वेगळे थर असत आणि ते एकमेकांपासून किंचित सरकवता येत. ग्रीक संगीतकार वँजेलिसने 'ब्लेड रनर' या १९८२ च्या चित्रपटाचं संगीत त्यावर उभं केलं, आणि तेव्हापासून पावसात भिजलेलं भविष्यातलं शहर म्हटलं की कान तोच सूर शोधतात.

त्याच वर्षी आपल्या मुंबईत काय चाललं होतं? चरणजीत सिंग नावाचे वादक, हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे, यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्यात भैरवी आहे, तोडी आहे, ललत आहे आणि मालकंससुद्धा आहे. टीबी-३०३ मुळात एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून केलेली छोटी पेटी. त्या कामात ती साफ आपटली आणि १९८४ मध्ये बंदही झाली. पुढे शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड उचलून तिचे कान पिळले तेव्हा ॲसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जन्मला. सिंग यांचा अल्बम तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरचे लोक चकित झाले. मी भाचीला त्यातला मालकंस ऐकवला. "हा कोणत्या गेमचा आहे?" तिने विचारलं.

पोताचा दुसरा मसाला डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणं. हे फक्त उग्रपणासाठी असतं असा समज आहे. खरं कारण तुमच्या खिशात आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांचा, खोल बेस झेपतच नाही, तो सरळ गिळून टाकतो. पण तोच ५० चा सूर थोडा फाडला की त्यातून १००, १५०, २००, २५०, ३०० अशी पिल्लं निघतात. वरची पिल्लं मोबाइलमधून नीट ऐकू येतात आणि मेंदू त्यांच्यातलं समान अंतर ओळखून गायब झालेला ५० स्वतःच भरून काढतो. आई दिसत नाही, पण पोरांच्या नाकावरून कळतं. अंधाऱ्या आवृत्तीतला घुमणारा बेस मोबाइलवरही पोटात जाणवतो, त्यातला निम्मा तुमच्याच डोक्यात वाजत असतो.

सात जण एकदम वाजायला लागले की जागेचा प्रश्न येतो. डिजिटल आवाजाला कमाल मर्यादा असते. ती १ धरा. प्रत्येकाचा सर्वात उंच ठोका ०.९ असेल आणि सातही ठोके एकाच क्षणी आले तर बेरीज ६.३. वरचं सगळं कापलं जातं आणि कचकच ऐकू येते. प्रत्येकाला सातव्या हिश्शावर दाबलं तर एकटा वाजताना तो माशीसारखा वाटेल. उपाय लोकलमधला आहे: चौथी सीट. सगळे थोडे थोडे सरकतात. ढोल खाली ५०-१०० हर्ट्झमध्ये बसतो, गळे मध्ये, हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या झांजेची, सळसळ ८,००० च्या वर खिडकीपाशी. गुरगुरणाऱ्याचा खालचा भाग कापून टाकतात, कारण तिथे ढोल बसलाय. ढोल पडला की बाकीच्यांचा आवाज क्षणभर खाली नेतात आणि लगेच वर आणतात. त्यामुळे सगळं गाणं श्वास घेतंय असं वाटतं. एवढं करूनही कोणी उठून उभा राहिलाच तर शेवटी लिमिटर नावाचा पहारेकरी असतो, तो डोकं दाबून खाली बसवतो.

घुमाऱ्याची एक भानगड सांगतो, कारण नवखे लोक तिथेच हमखास अडकतात. काळोखी जागा म्हणजे मोठी, रिकामी, घुमणारी. म्हणून प्रत्येक आवाजाला लांब शेपूट. पण लूप तर बरोबर आठव्या सेकंदाला संपतो. शेपूट तिथे कचकन तुटते आणि पुन्हा सुरुवात होते ती कोरडी. अंधाराच्या मधोमध कोणीतरी दिवा लावल्यासारखं. यावर युक्ती अशी: लूप सलग दोनदा वाजवून रेकॉर्ड करायचा आणि दुसरी फेरी तेवढी कापून घ्यायची. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची शेपूट आधीच पसरलेली असते. सांधा कुठेय ते मग कोणाला कळत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, एका जाहिरातीच्या मागचं संगीत चार वेळा परत आल्यावर कळलं.

आता पोरांच्या हौशी आवृत्त्यांबद्दल. इन्क्रेडिबॉक्सच्या धर्तीवर चाहत्यांनी ढिगाने मॉड बनवलेत. २०२४ पासून शाळकरी मुलांत धुमाकूळ घालणारं 'स्प्रंकी' हे त्यातलंच. त्यात एका काळ्या टोपीचं चिन्ह आहे. ते कोणावर टाकलं की सगळा खेळ क्षणात भेसूर होतो. आतून बघाल तर जादू काही नाही. आवाजांचे दोन संच असतात, उजेडाचा आणि अंधाराचा. दोन्हींत लांबी तीच, लय तीच, सा तोच. टोपी पडली की प्रत्येक जागेवरचा आवाज त्याच्या अंधाऱ्या जुळ्याने बदलतो. सम मात्र हलत नाही, म्हणून नाच थांबत नाही. माझं विचाराल तर आवाजांपेक्षा त्यातली चित्रं जास्त भयानक आहेत. रक्तबिक्त असतं, पहिली-दुसरीतल्या पोराच्या हाती देण्याआधी स्वतः एकदा बघा. कानांना मात्र ती छान शाळा आहे.

भाचीलाही मॉड करायचं होतं. आवाज कुठून आणायचे? स्वयंपाकघरातून. तिने कुकरची शिट्टी, मिक्सर, खलबत्ता आणि फ्रिजची घरघर रेकॉर्ड केली. खलबत्त्याचा ढोल फर्मास झाला. शिट्टी मात्र शिट्टीच वाटत होती. भीती नाही, भात लावलाय एवढंच कळत होतं.

"खाली घे ना," मी म्हटलं. ती लूप करूनच आली होती, आठ सेकंदांचा. एका मोफत ॲपमध्ये तिने तीन अर्धस्वर खाली घेतला. शिट्टी गंभीर झाली, पण दुसऱ्या फेरीपासून सगळ्यांच्या मागे धावायला लागली. का, ते तिने स्वतः शोधलं आणि मला त्याचा जास्त आनंद झाला: त्या बटणाने सूर खाली जात होता तो आवाज सावकाश वाजवून. जुन्या टेपची बॅटरी उतरली की आशाबाईंच्या कॅसेटमधून बाप्या गायचा, तेच तत्त्व. तीन अर्धस्वर खाली म्हणजे ८ सेकंदांचे ९.५ सेकंद झाले. दीड सेकंद जास्त, म्हणजे तीन मात्रा. सम कशी सापडणार?

दोन वाटा होत्या. एक, वेग न बदलता सूर उतरवणारं साधन वापरायचं. ते आवाजाचे बारीक तुकडे करून हवे तितके एकमेकांवर चढवून पुन्हा शिवतं. ते आम्ही केलं. शिट्टीला अंगभर खरूज झाल्यासारखा आवाज आला. दुसरी वाट, सरळ निम्म्या वेगाने वाजवायची. मग सूर बरोबर एक सप्तक खाली जातो, सा चा सा राहतो, आणि ८ चे १६ सेकंद होतात, म्हणजे पुरती दोन आवर्तनं. ठाय आणि दून. बरोबरीची लय पुन्हा समेवर येऊन मिळणारच. ते केलं आणि खोलीत एकदम बंदरात शिरणाऱ्या जहाजाचा भोंगा वाजला. लांब, ओला, कुठून येतोय ते न कळणारा. त्याची एक प्रत केसभर वर सरकवून मूळ भोंग्यावर ठेवली, तंबोऱ्याची ती थरथर आणली, घुमारा दिला, दुसरी फेरी कापून घेतली. भाचीने हेडफोन काढून हाताचे शहारे दाखवले.

तिच्या मॉडमध्ये सध्या नऊच आवाज आहेत आणि चित्रं अजून पेन्सिलीतच आहेत. उजेडाच्या संचात तिने हट्टाने एक शिट्टी मूळ सुरात ठेवली आहे. ती वाजली की आतून बहिणीचा आवाज येतो, "अगं तिसरी झाली, गॅस बंद कर!"